पोंगलनंतर दक्षिण, शिवरात्रीनंतर उत्तर

नवरात्र संपून हवेत पहिला कोरडेपणा आला, की आमच्या काचीगुड्याच्या घरात प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. हैदराबादकर मराठी कुटुंबांतला हा जुनाच परिपाठ आहे. मे महिन्याची सुटी नांदेड-परभणीच्या आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी, लग्नकार्यांसाठी. हिवाळ्यातले आठ-पंधरा दिवस मात्र खास आपल्या हौसेचे. यंदा या हौसेच्या जोडीला एक जुने देणेही पुढे आले, आणि सहलीचा साधा बेत आखता आखता आम्हांला आपल्या देशाचा हिवाळा नव्याने शिकावा लागला.

आमच्या देवघरात अन्नपूर्णेच्या मूर्तीमागे तांब्याची एक लहानशी डबी आहे. तीत रामेश्वरच्या समुद्रतीरावरची मूठभर वाळू आहे. आईवडील १९८६ च्या जानेवारीत रामेश्वरला गेले होते, तेव्हा त्यांनी ती आणली. काशी-रामेश्वरच्या यात्रेचा क्रम जुन्या पिढीला पाठ असे. आधी रामेश्वरची वाळू घ्यावयाची, ती प्रयागला त्रिवेणीसंगमात सोडावयाची, तेथले गंगाजल भरून घ्यावयाचे, काशीविश्वेश्वराचे दर्शन करावयाचे, आणि ते गंगाजल पुन्हा रामेश्वरला नेऊन अभिषेक करावयाचा; मग यात्रा पुरी झाली. आमच्या आईवडिलांची यात्रा पहिल्याच टप्प्यावर थांबली. वडील शाळेत भूगोल शिकवीत. फेब्रुवारी-मार्च परीक्षांत जाई. मोठी सुटी मिळे ती मे महिन्यात, आणि मे महिन्यात प्रयागचा पारा ४४-४५ अंशांवर चढलेला असे. सुटी असे तेव्हा ऋतू नसे, आणि ऋतू असे तेव्हा सुटी नसे. पुढे निवृत्ती आली, तिच्या पाठोपाठ आजारपण आले, आणि बारा वर्षांपूर्वी वडील गेले. डबी तेवढी राहिली.

यंदा धाकट्या बंधूंचा टोरांटोहून फोन आला. नाताळात पंधरा दिवस सहकुटुंब येतो, २० डिसेंबर ते ४ जानेवारी. या वेळी आईला प्रयागला घेऊन जाऊ आणि ती वाळू सोडून येऊ, असे ते म्हणाले. आईंच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हीही लगेच होकार दिला, आणि त्याच रात्री वडिलांनी भिंतीवर लावलेला देशाचा नकाशा समोर ठेवून बेत करावयास बसलो. तो नकाशाच पहिला आडवा आला.

आपण आपल्या देशाला उष्ण कटिबंधातला देश म्हणतो; पण कर्कवृत्त त्याच्या जवळजवळ मधून जाते. हैदराबाद साडेसतरा अक्षांशांच्या आसपास, रामेश्वर सव्वानऊच्या, आणि प्रयाग साडेपंचवीसच्या. सिकंदराबादहून निघालेली गाडी बल्लारशा, नागपूर, इटारसी करीत जबलपूर सोडते आणि कटनी येण्यापूर्वी कर्कवृत्त ओलांडते. डब्यात निजलेल्या प्रवाशाला त्याचा पत्ता लागत नाही. पण डिसेंबरअखेरीस पहाटे खिडकी उघडली, तर आपण दुसऱ्याच हिवाळ्यात आलो आहोत हे नाकाला आणि बोटांना लगेच समजते.

आपला हैदराबादचा हिवाळा गुणी आहे. पठाराची उंची सुमारे ५४० मीटर, समुद्र दूर, हवा कोरडी. त्यामुळे दिवसा २८ अंशांपर्यंत ऊन आणि पहाटे १४-१५ अंशांचा गोड गारठा. आदिलाबादकडे पारा एक आकडी होतो खरा, पण सूर्य वर आला की तिथेही अंग मोकळे होते. गंगेच्या खोऱ्यात तसे नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे दाट धुके बसते. जमीन रात्री गार पडते, नद्यांचा आणि पाणी दिलेल्या शेतांचा ओलावा हवेत असतो, वारा जवळजवळ नसतो. मग धुके जमिनीलगत साचून राहते आणि कधी कधी दिवसभर सूर्य दिसत नाही. पहाटेचा पारा आठ-नऊ अंशांवर असतो, आणि धुक्याच्या दिवशी दुपारीही तो पंधराच्या पलीकडे जाईल असे नाही. गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. त्यात चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर मिसळतो. आईंचे वय ७८, आणि त्यांना दम्याचा जुना विकार. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, की या पंधरवड्यात त्यांना तिकडे नेऊ नका.

बंधूंना हे पटेना. “वहिनी, आम्ही उणे पंधरा अंशांत राहतो. प्रयागच्या आठ अंशांचे कसले भय?” असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे ऐकून आम्हीही क्षणभर विचारात पडलो. पण त्यांच्याकडे थंडी दाराबाहेर राहते, घर उबदार असते. आपल्याकडच्या धर्मशाळेत बाहेर आठ अंश असले, तर भिंतही तितकीच गार, फरशीही तितकीच आणि अंथरूणही. आपली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. उत्तरेचा हिवाळा सोसावा लागतो तो घरातच, ही गोष्ट दक्षिणेकडून जाणाऱ्या प्रवाशाच्या ध्यानात फार उशिरा येते.

उत्तर नाही, तर मग दक्षिण, असे आमच्या मनात आले. प्रयाग नाही तर निदान रामेश्वर. जिथली वाळू तिथे तरी आईंना पुन्हा नेऊ. तिकडे थंडीचे नाव नाही. परंतु दक्षिणेचाही हिवाळा एकसारखा नसतो. जानेवारीच्या एकाच दिवशी कोचीला दुपारी ३१-३२ अंशांचा घाम येतो, आणि सव्वादोन हजार मीटरांवरच्या उटकमंडला पहाटे गवतावर हिमकण दिसतात. पूर्व किनाऱ्याची तऱ्हा तर आणखी वेगळी. हिवाळ्यात जमीन थंड झाली की वारे ईशान्येकडून समुद्राकडे वाहू लागतात. आपल्या पठारावर ते कोरडे असतात, म्हणून आपले आकाश निळे. तेच वारे बंगालच्या उपसागरावरून ओलावा घेऊन तमिळनाडूच्या किनाऱ्यावर येतात आणि तिकडे पाऊस पाडतात. त्या प्रांताचा वर्षाचा सुमारे निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. म्हणजे आपण गच्चीवर पापड-सांडगे वाळत घालतो, तेव्हा तिकडे छत्र्या उघडलेल्या असतात.

हा पाऊस नेहमीच भीतिदायक असतो असे नाही; पण डिसेंबरचा भरवसा धरता येत नाही. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या वादळात धनुष्कोडी गाव नष्ट झाले आणि पांबनहून तिकडे निघालेली प्रवासी गाडी लाटांनी गिळली. २०२३ च्या १७ आणि १८ डिसेंबरला तुतुकुडी जिल्ह्यात असा पाऊस कोसळला, की कायलपट्टिनम येथे २४ तासांत सुमारे ९५ सेंटिमीटर नोंद झाली आणि श्रीवैकुंठम स्थानकात एका गाडीचे सुमारे ८०० प्रवासी अडकून पडले. डिसेंबर संपता संपता हा पाऊस ओसरतो. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत तो किनारा कोरडा आणि प्रसन्न असतो. बंधूंचा पंधरवडा नेमका या दोहोंच्या उंबरठ्यावर येत होता.

अशा अडचणीत वडिलांच्या जुन्या वह्या काढल्या. त्यांत १९८६ च्या प्रवासाचा हिशेब सापडला: तिकिटे, धर्मशाळेचे भाडे, नारळ. शेवटच्या पानावर त्यांच्या नीटस अक्षरांत एकच ओळ होती: “पोंगलनंतर दक्षिण, शिवरात्रीनंतर उत्तर.” आमच्या शेजारच्या तेलुगू आजींना ही ओळ वाचून दाखविली, तेव्हा त्या हसल्या. त्यांच्याकडेही म्हणतात, की शिवरात्रीला थंडी ‘शिव, शिव’ म्हणत निघून जाते. शिवरात्रीच्या स्नानाबरोबर प्रयागचा माघमेळाही उठतो. गर्दी पांगते, धुके विरते, आणि मार्चच्या मध्यापर्यंत पहाट सोसवेल अशी व दुपार अजून भाजणार नाही अशी असते. वडिलांना सारे ठाऊक होते. फक्त त्यांना त्या दिवसांत कधी सुटी मिळाली नाही.

आता खरा प्रश्न उभा राहिला. टोरांटोकडच्या शाळांना मार्चच्या मध्यास आठवडाभर सुटी असते. नाताळातले येणे रद्द करून बंधू तेव्हा सर्वांना घेऊन येऊ शकले असते. पण पंधरा दिवसांऐवजी जेमतेम सात, आणि त्यांतले दोन-तीन विमानात. दोन्ही वेळा सहकुटुंब येण्याइतका पैसा कोणाकडे असतो? वाळू सोडताना दोघे मुलगे आणि नातवंडे जवळ हवीत, की नातवंडांचा पूर्ण पंधरवडा घरात हवा, हे आईंनीच ठरवावयाचे होते. आम्ही दोन दिवस त्यांना काही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन मागून घेतला आणि बंधूंना म्हणाल्या, “तू नाताळात ये. वाळू चाळीस वर्षे थांबली, आणखी दोन महिने थांबेल. मुलांचे वय काही थांबायचे नाही.” पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही.

त्यानंतर बेत भराभर ठरला, आणि तो एका सहलीचा न राहता तीन टप्प्यांचा झाला. पहिला टप्पा नाताळातला, आपल्याच दख्खनच्या पठारावरचा. कारण त्या दिवसांत साऱ्या देशात याहून भरवशाची हवा क्वचितच मिळेल. काचीगुड्याहून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना करीत छत्रपती संभाजीनगर. तेथून वेरूळ, अजिंठा आणि पैठण. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात व वेरूळची मंगळवारी, हे ध्यानात ठेवून दिवस लावले आहेत. पैठणला नाथसागरावर थंडीत दूरदेशीचे पक्षी उतरतात, आणि परभणीच्या आतेबहिणीच्या शेतावर हुरड्याचे आमंत्रण आहेच. मुलांसाठी एक स्वेटर आणि कानटोपी पुरे. दुपारी दोन्ही काढून पिशवीत ठेवावी लागतील. परतल्यावर १ जानेवारीला सुरू होणारी आपली नुमाईश. १९३८ पासूनची ती परंपरा नातवंडांनी पाहिल्याखेरीज हैदराबाद पाहिले असे कसे म्हणावे?

दुसरा टप्पा शिवरात्रीनंतरचा, प्रयाग आणि काशीचा. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, म्हणून ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवली आहे. तिसरा टप्पा त्यापुढच्या पोंगलनंतरचा: चेन्नईकडे चारमिनार एक्सप्रेसने, तेथून तंजावर, आणि मग रामेश्वर. पांबनचा १९१४ चा पूल थकला होता आणि २०२२ च्या डिसेंबरपासून त्यावरची वाहतूक बंद होती. ६ एप्रिल २०२५ रोजी नवा पूल खुला झाल्याने गाडी पुन्हा थेट बेटावर जाते.

तंजावरचा मुक्काम आम्ही हट्टाने घातला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते गाव परके वाटू नये. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास मराठीत आहे, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत. ते ग्रंथालय वाढविणारे दुसरे सरफोजी राजे १८२० मध्ये तंजावरहून काशीयात्रेला निघाले आणि १८२२ मध्ये परतले. राजाला जी यात्रा करावयास दोन वर्षे लागली, ती आपण पंधरा दिवसांच्या सुटीत कोंबू पाहत होतो, याचे आता हसू येते.

पैठणचे नाव बेतात आले, तेव्हा आईंनी नातवंडांना सांगावयाची गोष्ट आधीच ठरवून टाकली. एकनाथमहाराज गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि त्यांनी ते पाणी त्याच्या मुखी घातले. “त्यांची यात्रा तिथेच पुरी झाली,” असे आई म्हणाल्या, आणि डबी पुसून पुन्हा अन्नपूर्णेमागे ठेवली.

बंधूंनी मार्चमधल्या पाच दिवसांच्या रजेसाठी अर्ज केला आहे. मिळाली तर ते एकटेच येतील. आम्ही तिकिटे मात्र चारच जणांची धरली आहेत: आम्ही दोघे, आई आणि बंधू.