हॉटेल साधे की महागडे?

यांच्या हृदयाच्या तपासणीसाठी हिमायतनगरहून हैदराबादला जायचे होते. मुलगा म्हणाला, "आई, मोठ्या हॉटेलातच राहा, पैसे मी देतो."

मी वही काढली. रोज ८,००० रुपयांच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४४० रुपये. ७,५०० पर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच. २,००० च्या खोलीवर फक्त १००. शिवाय तिथले रात्रीचे जेवण आपल्या चौविहारात बसत नाही.

फोनवर तीनच गोष्टी विचारल्या: दवाखाना किती लांब, लिफ्ट आहे का, पाणी उकळायला केटली मिळेल का? साधे हॉटेल ठरले. लिफ्ट नसती, तर महागडेच घेतले असते. अपरिग्रह म्हणजे कंजुषी नव्हे, गरजेपुरतेच घेणे.