भिजल्यावर काय उरतं

जखमेवरच्या पट्टीसाठी विजेच्या दाबाखाली कायटोसानचा अतिसूक्ष्म धागा मण्यांशिवाय, म्हणजे गाठी न येता, ओढता येतो, याचा मला बरीच वर्षं गर्व होता. कोळंबीच्या टरफलातून निघणारा हा पदार्थ भारी हट्टी. थोडं पीईओ हे पॉलिमर मिसळलं नाही, अ‍ॅसिटिक आम्ल जमलं नाही, की सुईतून धाग्याऐवजी थेंब उडतात. पावसाळ्यात तर खोलीतली आर्द्रता उतरवता उतरवता जीव जातो. तरी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या धाग्यांची जाळी बघायला शेजारच्या विभागातले लोक यायचे. फोटोसाठी त्यातला देखणा कोपरा शोधण्यात माझा बराच वेळ जाई, आणि तो वेळ मला फार आवडे.

आता डोळे साथ देत नाहीत, फोटो विद्यार्थिनी काढते. परवा तिने मला न विचारता जाळी सलाइनमध्ये बुडवली, सुकवली आणि मग फोटो काढला. ‘‘मॅडम, धागे कुठायत?’’ धागे नव्हतेच. पेजेवरच्या सायीसारखा सपाट थर होता.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आम्लातून आलेलं कायटोसान ओल लागताच फुगतं, विरघळतं; पीईओ तर पाण्यात निघूनच जातं. सोडियम कार्बोनेटने आम्ल मारावं तर जाळी आक्रसते. ग्लुटरअल्डिहाइडने बांधावी तर त्याचा उरलेला अंश पेशींना विषारी. जेनिपिन सौम्य, पण त्याने जाळी निळी पडते. मग जखम काळवंडली की पट्टीचाच रंग, हे डॉक्टरांनी ओळखायचं कसं? पीसीएल हे दुसरं पॉलिमर भिजून टिकतं, पण ते विरायला दोनेक वर्षं लागतात आणि साधी जखम काही आठवड्यांत भरते. बरं, ओल टाळायचीही सोय नाही. ओलसर झाकलेली जखम उघडीपेक्षा लवकर भरते, हे जॉर्ज विंटरने 1962 मध्येच डुकरांच्या कातडीवर दाखवून ठेवलंय.

जाळीत चांदीचे नॅनोकण घालणाऱ्या चांदीवाल्यांना भिजल्यावर काय उरतं हा प्रश्न पडतच नाही. तुळस, कडुलिंब, शेवगा, मिळेल त्या पाल्याच्या रसात सिल्व्हर नायट्रेट घालायचं; रंग तपकिरी झाला की नॅनोकण तयार, जंतू मेल्याचं वर्तुळ दिसलं की पेपर तयार. पण जंतू मारणारी चांदी जास्त झाली तर नव्या कातडीच्या पेशीही मारते. जाळीच विरघळली तर चांदी किती वेगाने जखमेत उतरणार, हे कोण तपासतं? मत्सर म्हणाल तर आहेच. त्यांचे पेपर माझ्यापेक्षा जास्त छापून येतात.

सध्या आम्ही पीसीएल आणि कायटोसान एकत्र ओढतो. धागे जाडेभरडे येतात, फोटो कुरूप, पण जाळी ओलीत टिकते. विद्यार्थिनी खूश आहे. मी अजून नाही.

या कामात असलेल्यांना एक विनंती: कोरड्या जाळीशेजारी भिजवलेल्या जाळीचाही फोटो छापा, आणि ती किती तास भिजवली होती ते लिहा.