व्लादिमीरच्या आजी

माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी मूळच्या व्लादिमीरच्या. मॉस्कोच्या पूर्वेला 190 किलोमीटरवरचं हे रशियन शहर, मी राहते त्या जर्मनीतल्या एर्लांगेनचं जोडशहर आहे. रविवारी मी त्यांच्याकडे गेले की त्या काळ्या चहासोबत मुरांब्याची वाटी पुढे सरकवतात आणि बोलणं हटकून 1992 सालावर येतं.

त्या वर्षी 2 जानेवारीला रशियात येगोर गैदार यांच्या आर्थिक सुधारणांत बहुतेक वस्तूंवरचं किंमतनियंत्रण उठलं. वर्षअखेरीस किमती पंचवीस पटींच्या वर गेल्या. मुलीच्या लग्नासाठी साठवलेल्या पैशांत आजींना थंडीचे बूटही घेता येईनात. ऑक्टोबरपासून प्रत्येक नागरिकाला दहा हजार रूबलचं व्हाउचर मिळू लागलं. सरकारी कारखान्यांत आता सामान्य माणसाचाही वाटा, असा त्याचा अर्थ. पुढे त्याची किंमत दोन व्होल्गा गाड्यांइतकी होईल, असं खासगीकरणाची सूत्रं हलवणारे अनातोली चुबाइस सांगत होते. आजींनी ते विकून साखर आणली. अशी लाखो व्हाउचरं विकली गेली, मालकी थोड्या हातांत गोळा झाली आणि 1995 च्या ‘कर्जाच्या बदल्यात समभाग’ योजनेत तेलाच्या आणि निकेलच्या मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

‘‘बाजार आला, पण जाब विचारायची जागा आली नाही,’’ असं आजी म्हणतात. मला ते पटतं. 2004 मध्ये बेस्लानच्या शाळेवरील हल्ल्यानंतर रशियातल्या गव्हर्नरांच्या थेट निवडणुकाच बंद झाल्या आणि त्या 2012 पर्यंत परतल्या नाहीत. पुढे विरोधी नेते अलेक्सेय नवाल्नी यांना ज्या वसाहत-तुरुंगांत ठेवलं, त्यांतले पोक्रोव आणि मेलेखोवो हे दोन्ही व्लादिमीर प्रांतातच. बातम्यांत ती नावं आली की आजी टीव्ही बंद करत.

आपणही त्याच सुमारास दार उघडलं. 24 जुलै 1991 ला मनमोहन सिंग यांनी बाजार खुला करणारा अर्थसंकल्प मांडला. पण दीडच वर्षात, डिसेंबर 1992 मध्ये, आपल्या संसदेने 73वी आणि 74वी घटनादुरुस्तीही मंजूर केली. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांना घटनेचा आधार मिळाला, दर पाच वर्षांनी त्यांची निवडणूक बंधनकारक झाली. बाजार मोकळा करताना गावाच्या हातात मतही देणं, हे आपलं मोठं शहाणपण होतं.

त्या मताचं मोल मला इथे कळलं. एर्लांगेन ज्या बव्हेरिया राज्यात आहे, तिथल्या कायद्याप्रमाणे महापौरांना वर्षातून किमान एकदा नागरिकसभा बोलवावीच लागते. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे तिथे मला मतदान करता येत नाही. पण रहिवासी म्हणून उठून बोलता येतं. सभेने केलेली शिफारस नगर परिषदेला तीन महिन्यांच्या आत विचारात घ्यावी लागते. पहिल्यांदा मी सायकलमार्गावरच्या अंधाराबद्दल बोलले, तेव्हा माझे पाय थरथरत होते.

ज्या एर्लांगेनमध्ये मी असं उठून बोलले, त्याचं आजींच्या व्लादिमीरशी नातं 1983 मध्ये जुळलं. डीटमार हालवेग तेव्हा इथले महापौर होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पश्चिम जर्मन संसदेने अमेरिकी पर्शिंग क्षेपणास्त्रं आपल्या भूमीवर ठेवायला संमती दिली. शीतयुद्धाच्या अशा दिवसांत दोन शहरांनी हात पुढे केला, आणि 1995 मध्ये व्लादिमीरला एर्लांगेन भवनही उभं राहिलं. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि हे सगळं थंडावलं. मे महिन्यात सीमेन्सने सुमारे 170 वर्षांनी रशिया सोडत असल्याचं जाहीर केलं. ज्या गावात दर दोन घरांआड सीमेन्सची नोकरी निघते, तिथे ही बातमी घरातलीच होती. आजी आता तिकडच्या भाचीशी फोनवर फक्त हवामानाचं बोलतात.

मताचं आणि जाब विचारण्याच्या जागेचं हे सगळं सांगण्याचं कारण मुंबई-पुणे आहे. मार्च 2022 मध्ये तिथल्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. प्रशासकाला अर्ज देता येतो, पण त्याला निवडणुकीत पाडता येत नाही. एवढी वर्षं हे आपल्याला फारसं खुपलं नाही, याची मला काळजी वाटते.

महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा चुकवू नका. शहरात असाल तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेटा आणि रस्त्याचा, पाण्याचा हिशोब मागा. व्लादिमीरच्या आजींना तिथे जाब विचारायची ही जागा मिळालीच नाही. आपल्याला मिळाली आहे, ती वापरा.