माळेत मजुरी किती?

मैत्रिणींनो, अलिबागहून येताना पांढऱ्या कांद्याची माळ तुम्हीही आणली असेल. घासाघीस करूनच, हो ना? कार्ले, खंडाळे या भागात भात कापल्यावर हा कांदा लावतात. तो सुकवून पातींची वेणी घालायचं काम बहुतेक घरच्या बायकांचंच. २०१९ साली दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि कृषी खात्याने मिळून त्याच्या भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला, आणि ते मिळालंही. आता भलताच कांदा ‘अलिबागचा’ म्हणून विकणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

पण मानांकनाचा शिक्का वापरायचा तर उत्पादक म्हणून नाव नोंदवावं लागतं. सातबारा बहुधा सासऱ्यांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर. वेणी घालणारीचं नाव यायचं कुठून? आणि बियाणं, खत, स्वतःची मेहनत धरून एक माळ केवढ्याला पडते, हे तिला कधी कुणी मांडून दाखवलं असेल का? शेतीच्या विद्यापीठाने नाव मिळवून दिलं. आता वाणिज्य शिकवणाऱ्या कॉलेजांनी त्याच्या जोडीला यावं, मुलांना वह्या घेऊन चार दिवस या बायकांशेजारी रस्त्यावर बसवावं. परीक्षेतले ताळेबंद नंतर.

तोवर भाव पाडण्याआधी आपण एवढं तरी विचारू या, ‘ताई, यात तुमची मजुरी धरलीत का?’