पीपीई किटच्या आत

कोविडच्या साथीत रुग्णालयातल्या माणसांना सर्वांत आधी छळले ते संसर्गाच्या भीतीने, आणि ती स्वतःपेक्षा घरच्यांसाठी अधिक होती. २०२०च्या उन्हाळ्यात मुंबईतल्या अनेक परिचारिका व निवासी डॉक्टर ड्युटी संपल्यावर घरी न जाता हॉटेलांत राहत, मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलत. पीपीई किट चढवले की तासन्‌तास पाणी नाही, लघवीला जाता येत नाही. मासिक पाळीत हे हाल किती वाढत, यावर फारसे कुणी बोललेच नाही.

त्याच वर्षी २२ मार्चला देशाने आरोग्यसेवकांच्या गौरवासाठी थाळ्या वाजवल्या. बरोबर महिन्याने, २२ एप्रिलला, आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा अध्यादेश केंद्राला काढावा लागला.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत त्रासाचे स्वरूप पालटले. लशीमुळे स्वतःची भीती थोडी ओसरली होती. पण खाट आणि ऑक्सिजन कोणाला द्यायचा, हे ठरवण्याची पाळी आली. उपचार ठाऊक असूनही देता न येणे, ही जखम थकव्यासारखी झोपेने भरत नाही. अपराधीपणा, निद्रानाश, चिडचिड, बधिरपणा अशा रूपांत ती पुढे कितीतरी दिवस डोके वर काढते. समुपदेशनाच्या हेल्पलाइन निघाल्या खऱ्या. पण सलग ड्युटी करणाऱ्याने फोन करायचा कधी? शिवाय डॉक्टरने मदत मागणे कमीपणाचे, हा समज वैद्यकीय महाविद्यालयातच रुजतो. वॉर्डबॉय, सफाई कामगार, शववाहिकेचे चालक यांचा तर या बाबतीत विचारही क्वचितच झाला. त्यांतले अनेकजण कंत्राटी होते आणि साथ ओसरताच त्यांतल्या कित्येकांची कंत्राटेही संपली.