सेंट ॲन्सच्या बागा

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरात सेंट ॲन्सच्या उतारावर सुमारे ७५ एकरांत भाडेपट्ट्याच्या शेकडो छोट्या बागा उंच कुंपणांआड वसल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात शहरातील कारागीर दिवसाचे काम आटोपून अशा बागांत गुलाब जोपासत आणि ईस्टरच्या सोमवारी खुडलेली फुले प्रदर्शनात मांडीत. त्या सुमारास थंडी पुरती ओसरलेली नसे. धर्मगुरू सॅम्युअल रेनॉल्ड्स होल यांनी १८६९ च्या आपल्या गुलाबविषयक ग्रंथात लिहिले आहे की, गोठविणाऱ्या रात्री गुलाब वाचविण्यासाठी या श्रमिकांनी स्वतःच्या अंथरुणावरील घोंगडी काढून नेली. जमाखर्चाच्या वहीत असा खर्च कोणत्या खाती मांडावा? सेंट ॲन्सच्या बागा आज संरक्षित वारसा आहेत. तेथे अजूनही भाजीच्या वाफ्यांशेजारी फुले उमलतात.