मान मोडली तरी शेंडा दिसेना

जळवांसाठी गुडघ्यापर्यंत खास मोजे चढवले होते. तरी एक कानामागे सापडलीच. बोर्निओच्या सबाह प्रांतातलं हे डानुम खोरं. इथल्या जळवा पानांवर बसून वाट बघतात, हे आमच्या भीमाशंकरच्या अनुभवात बसत नव्हतं.

वाटाड्या एका पिवळ्या मेरंतीपाशी थांबला. साल वृक्षाच्याच कुळातलं झाड. बुंध्याभोवती फळ्यांसारखी उभी आधारमुळं, माझ्या डोक्यावरून गेलेली. दोन फळ्यांच्या बेचक्यात उभा राहून मी वर पाहिलं. टोपी पडली, पण शेंडा दिसेना. बुंधा सरळ वर जातो नि पानांच्या गर्दीत बुडतो, पुढचं सगळं झाकलेलं.

"केवढं असेल हो?"

"खालून कसं सांगू?" तो म्हणाला.

खरंच होतं ते. याच खोऱ्यात उष्ण कटिबंधातलं आजवर मोजलेलं सर्वांत उंच झाड आहे, आणि त्याचा पत्ता लागला तो विमानातून. 2014 साली इथे लायडारची उड्डाणं झाली. विमानातून लेसरचे स्पंद सोडायचे. काही शेंड्यावर आपटून परततात, काही पानांच्या फटींतून थेट जमीन गाठून. दोन्हींच्या परतण्यातला फरक म्हणजे झाडाची उंची. शंभर मीटरच्या झाडासाठी हा फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी! आमच्या गावची जमीन मोजायला भूमापक आले की साखळी दोनदा ओढायचे आणि तरी भांडण व्हायचं.

पण या उजेडालाही चकवा बसतो. कड्यावरून बाहेर झुकलेल्या फांदीखाली त्याला दरीचा तळ लागतो, आणि बेताचं झाड कागदावर राक्षस होतं. म्हणून शेवटी माणूसच चढवावा लागतो. जानेवारी 2019 मध्ये उंदिंग जामी हे वृक्षारोहक दोराने त्या सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत गेले. आजूबाजूची झाडं लांब, त्यामुळे वर वारा भणाणत होता. तिथून टेप खाली सोडली: 100.8 मीटर. कुतुबमिनार साधारण 73 मीटरचा, म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी आठ-नऊ मजले. मुळं सोडून वजनाचा अंदाज 81.5 टन, त्यातलं सुमारे 95 टक्के एकट्या खोडात. एवढ्या ओझ्यावर पानांची जेमतेम छत्री!

आमची वाट तिकडे जात नव्हती. निदान नाव तरी सांगा, म्हटलं.

"मनारा."

मी म्हणालो, "मनोरा."

"मनारा," त्याने माझा उच्चार सुधारला, आणि माझ्या मानेवरची दुसरी जळू चिमटीत पकडली.